एका सप्तकाने उतरलेली घरघर

सकाळी सातच्या सुमारास चाळीस मीटरवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, आमची, म्हणजे हौशी रेडिओवाल्या हॅम मंडळींची, हजेरी भरते. पुणे, सातारा, सांगली, बेळगाव, कोकणातली दोन-तीन गावं. प्रत्येकजण आपली हाक म्हणजे कॉलसाइन सांगतो, हवापाणी सांगतो आणि मुख्य म्हणजे समोरच्याचा आवाज कसा येतोय ते सांगतो. मागच्या श्रावणात एका सकाळी मी बोलून माइक सोडला, तेव्हा सांगलीकडच्या एका जुन्या ऑपरेटरांनी मला रिपोर्ट दिला. "सिग्नल उत्तम आहे. पण पहिली दोन-तीन मिनिटं आवाज स्वच्छ असतो आणि मग घोगरा होतो. थरथरतोसुद्धा. सप्लाय बघा."

सप्लाय बघितला. मीटरवर १३.८ व्होल्ट. असायला हवेत तेवढेच, कणभरही इकडेतिकडे नाहीत. मी सप्लायला दोषमुक्त केलं आणि पुढचे तीन आठवडे बाकीच्या रेडिओत शोध घेतला. माइक बदलला. माइकच्या अँप्लिफायरमधले कपॅसिटर बदलले. फ्रिक्वेन्सी ठरवणारा ऑसिलेटर, म्हणजे व्हीएफओ, पत्र्याच्या डबीत बंद केला. बॅलन्स्ड मॉड्युलेटर पुन्हा जुळवला. सकाळी हाक दिली की तोच रिपोर्ट: आधी स्वच्छ, मग घोगरा.

हा रेडिओ मी विकत घेतलेला नाही, स्वतः बांधलेला आहे. मुळातलं डिझाइन 'बिटएक्स'. हैदराबादच्या अशर फरहान (व्हीयू२ईएसई) यांनी ते केलं आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. त्या डिझाइनबद्दल मला अपार कृतज्ञता आहे. त्याआधी आपल्याकडे एसएसबीचा ट्रान्सरिसिव्हर बांधायचा म्हणजे परदेशी फिल्टर, परदेशी टोरॉइड आणि त्यांच्यासाठी परदेशातल्या कुणाची तरी ओळख, असा प्रकार होता. फरहान यांनी आपल्या कुठल्याही शहरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जे मिळतं तेवढ्यावरच सगळा भार टाकला. १० मेगाहर्ट्झचे स्वस्त क्रिस्टल घेऊन घरीच फिल्टर करायचा. एकाच साखळीतून एकदा ऐकायचं आणि तीच साखळी उलट चालवून बोलायचं. व्हीएफओची कॉइल तर नळाच्या वॉशरवर गुंडाळायची. शेवटी पाच-सहा वॅट देणारा आयआरएफ ५१० हा मॉसफेट. तो मुळात स्विचिंगच्या कामासाठी बनलेला आहे, रेडिओसाठी नाही. पुढे २०१६ च्या शेवटाला चाळीस मीटरची तयार पाटी, म्हणजे सर्किट बोर्ड, 'बिटएक्स४०' या नावाने निघाली आणि हैदराबादमधल्या स्त्रियांच्या एका गटाने हाताने गुंडाळलेले टोरॉइड घेऊन ती जगभर पोचली. मी मात्र पुण्याच्या तपकीर गल्लीतून एकेक भाग आणून बांधत गेले आणि शेवटच्या टप्प्यात दोन आयआरएफ ५१० लावले. बोलताना माझा रेडिओ २ अँपियर घेतो, ऐकताना जेमतेम १५० मिलिअँपियर. या दोन आकड्यांतली तफावत मी तेव्हाच नीट ध्यानात घ्यायला हवी होती.

तीन आठवड्यांनी रेडिओ आणि सप्लाय दोन्ही पिशवीत घालून मी साताऱ्याला काकांकडे गेले. काका नात्यातले नाहीत. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला कुणाला कथील वितळवायची आवड आहे त्या सगळ्यांचे ते काका. आयुष्यभर रेडिओ आणि नंतर टीव्ही दुरुस्त केले, लायसन्स चाळीस वर्षांपूर्वीचं. माडीवर त्यांचं टेबल आहे. टेबलाच्या कडेला सिरीज लॅम्प: ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब, वीज आधी त्यातून जाते आणि मग दुरुस्तीच्या वस्तूत. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि वस्तू वाचते. हल्ली असे बल्ब मिळेनासे झालेत म्हणून काकांनी डझनभर जपून ठेवलेत.

मी मीटरवरचे १३.८ सांगितले. काकांनी विचारलं, "हे बोलताना मोजलंस की ऐकताना?"

ऐकताना मोजले होते. बोलताना एक हात माइकवर आणि लक्ष बोलण्यात. मीटरचा काटा कोण बघणार?

"आणि मीटर कुठे लावलंस? सप्लायच्या टर्मिनलला की पाटीवर?"

सप्लायच्या टर्मिनलला.

ते रागावले नाहीत. टेबलाखालून त्यांनी यूपीएसमध्ये असते तसली १२ व्होल्ट, ७ अँपियर-अवरची बॅटरी काढली आणि माझा रेडिओ तिला जोडला. अँटेनाच्या जागी डमी लोड लावला. १ किलोओहमचे वीस कार्बन रेझिस्टर समांतर जोडून केलेला ५० ओहमचा गठ्ठा, म्हणजे दुरुस्ती करताना पट्ट्यावर कुणाला त्रास नाही. दुसऱ्या रेडिओवर हेडफोन लावून ते म्हणाले, "दहा मिनिटं बोल. काहीही बोल."

मी पाढे म्हटले. दहा मिनिटांनी काकांनी हेडफोन काढला. आवाज शेवटपर्यंत स्वच्छ होता. माझ्या तीन आठवड्यांच्या शोधाचं उत्तर एका बॅटरीने दिलं: रेडिओ निर्दोष, दोष सप्लायमध्ये. घरी बांधलेल्या कुठल्याही सेटमध्ये काहीही विचित्र झालं, घरघर असो, फ्रिक्वेन्सी सरकणं असो, आपोआप बंद पडणं असो, पहिलं काम हेच करावं असं मी आता प्रत्येकाला सांगते. बॅटरीत मेन्सची घरघर नसते, ट्रान्सफॉर्मर नसतो, रेग्युलेटर नसतो. तिच्यावर दोष गेला की रेडिओ तपासायचा वाचतो. राहिला तर सप्लाय तपासायचा वाचतो.

मग काकांनी सप्लाय उघडला. आत हात घालण्याआधी प्लग काढला आणि मोठ्या कपॅसिटरच्या दोन टोकांना वायर लावलेला एक जाडजूड रेझिस्टर धरून तो रिकामा केला. पुढे प्लग लावून मोजायची वेळ आली तेव्हा डावा हात खिशात. २३० व्होल्टच्या आसपास एकच हात चालवायचा, म्हणजे चुकून झटका बसलाच तर तो छातीतून पलीकडे जात नाही. ही सवय त्यांनी मला त्या दिवशी तीनदा सांगितली आणि इथे मी ती चौथ्यांदा सांगते आहे, कारण ऐकीव माहितीवर सप्लाय उघडणारी मुलं मी पाहिली आहेत.

सप्लाय साधा, जुन्या धाटणीचा. ट्रान्सफॉर्मर २३० चे १५ व्होल्ट करतो. चार डायोडचा ब्रिज एसीचं डीसी करतो. १०,००० मायक्रोफॅराडचा कपॅसिटर चढउतार भरून काढतो. मग ७२३ ही आयसी आणि २एन३०५५ हा ट्रान्झिस्टर मिळून जास्तीचे व्होल्ट कापून नेमके १३.८ पुढे देतात. काकांनी रेडिओ पुन्हा याच सप्लायला जोडला आणि स्वतःचा एक जुना सिग्नल ट्रेसर काढला. छोटा अँप्लिफायर, छोटा स्पीकर आणि टोकाला कपॅसिटर लावलेली सुई. कुठल्याही बिंदूवर सुई टेकवली की तिथल्या डीसीवर स्वार झालेला आवाज ऐकू येतो. सुई त्यांनी मोठ्या कपॅसिटरला लावली आणि मला पुन्हा पाढे म्हणायला लावले.

स्पीकरमधून घरघर आली. ती येतेच. २ अँपियर ओढताना कपॅसिटर थोडा रिकामा होतो, पुन्हा भरतो, सेकंदाला १०० वेळा. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि ब्रिज दोन्ही अर्धी आवर्तनं वापरतो म्हणून दुप्पट. काका नुसते ऐकत बसले. मी सतराच्या पाढ्यावर होते तेव्हा स्पीकरचा सूर बदलला. मला वाटलं आवाज मोठा झाला. आतल्या खोलीतून काकू म्हणाल्या, "खालचा लागला हो." काकू गातात. त्यांच्या कानाने जे टिपलं ते माझ्या कानाला लगेच कळलं नाही: घरघर नुसती वाढली नव्हती, ती बरोबर एका सप्तकाने खाली आली होती. १०० ची ५० झाली होती. एवढ्याशा स्पीकरला ५० हर्ट्झ नीट वाजवताच येत नाही, पण त्याच्या पटीतले सूर ऐकून कान मूळचा खालचा सूर ओळखतो.

५० हर्ट्झ म्हणजे ब्रिजमधला एक डायोड गळाला. दोन अर्ध्या आवर्तनांपैकी एकच कामाला येतंय.

इथे थोडा हिशोब केला पाहिजे, कारण माझं मीटर १३.८ दाखवत असताना आवाज घोगरा का व्हावा याचं उत्तर त्यात आहे. १५ व्होल्ट एसीचं शिखर २१ च्या थोडं वर. दोन डायोड आणि ट्रान्सफॉर्मरची लोडखालची घट मिळून दोनेक व्होल्ट जातात, कपॅसिटर १९ पर्यंत भरतो. पुढचं शिखर १० मिलिसेकंदांनी. तोवर २ अँपियरने कपॅसिटर सुमारे २ व्होल्ट उतरतो, म्हणजे तळ १७ चा. माझ्या रेग्युलेटरला १३.८ द्यायचे तर त्याच्या वर अडीच-तीन व्होल्टची जागा लागते, म्हणजे साडेसोळा. जेमतेम निभतं. एक डायोड गळाला की पुढचं शिखर २० मिलिसेकंदांनी येतं, घसरण ४ व्होल्टची होते आणि तळ १५ वर जातो. रेग्युलेटरची जागा संपते. सेकंदाला ५० वेळा त्याच्या हातून व्होल्ट सुटतात आणि ती कंपनं रेडिओच्या शेवटच्या टप्प्यात, व्हीएफओत आणि शेवटी माझ्या आवाजात शिरतात. ऐकताना मात्र १५० मिलिअँपियरच लागतात, घसरण ०.३ व्होल्टची. एक डायोड नसला तरी काही बिघडत नाही. मी मीटर लावलं होतं ते नेमकं याच वेळी.

मी घरी डायोडही तपासले होते. चारी ठीक होते. काकांना मी तेही सांगितलं. त्यांनी बांबूची एक काडी घेतली आणि घरघर चालू असतानाच एकेका डायोडला हलकेच टेकवली. पहिला, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्याला काडी लागताच सूर वरच्या सप्तकात गेला, काडी उचलली की पुन्हा खाली.

प्लग काढून, कपॅसिटर रिकामा करून पाटी उलटी केली. भिंगाखाली दिसलं: तिसऱ्या डायोडच्या पायाभोवती कथलाच्या डागात केसाएवढी गोल चीर. ड्राय सोल्डर. डायोड मी पाटीला चिकटवून बसवला होता. तो तापायचा, पाय लांबायचा, पाटी वेगळ्या प्रमाणात प्रसरण पावायची. दोन वर्षं रोज सकाळी तापून आणि थंड होऊन डाग तडकला होता. थंड असताना चीर मिटलेली, म्हणून मीटरला चारी डायोड ठीक. दोन-तीन मिनिटं बोलून डायोड तापला की चीर उघडायची. सांगलीच्या रिपोर्टमधली "पहिली दोन-तीन मिनिटं" इथे सापडली. ट्रान्सफॉर्मर नेहमीपेक्षा जास्त गुणगुणतो आणि गरम लागतो हे माझ्या लक्षात आलं होतं, पण मी ते पावसाळ्याच्या दमटपणावर ढकललं होतं. एकाच बाजूने करंट ओढला गेला की ट्रान्सफॉर्मरचा गाभा एकीकडे झुकतो. त्याचा तो आवाज होता.

इथे मी थांबले असते. काका थांबले नाहीत. "एक सापडला म्हणजे संपलं असं नाही," एवढं म्हणून त्यांनी मीटरची एक वायर सप्लायच्या टर्मिनलला आणि दुसरी रेडिओच्या पाटीवर त्याच पॉझिटिव्हला लावली. एकाच तारेची दोन टोकं, त्यामुळे शून्याच्या जवळपास यायला हवं. बोलताना ०.८ व्होल्ट आले. वाटेत काचेच्या फ्यूजचा स्प्रिंगवाला होल्डर होता. त्याचा स्प्रिंग काळा पडला होता आणि तिथे ०.४ ओहमचा अडथळा तयार झाला होता. हात लावला तर कोमट. मोटारीत वापरतात तसला पात्याचा फ्यूज लावला आणि ०.८ चे ०.०५ झाले.

ब्रिज आम्ही नव्याने केला. चार सुटे डायोड काढून २५ अँपियरचा धातूच्या पाठीचा केबीपीसी २५१० पेटीच्या पत्र्याला स्क्रूने आवळला. त्याला पाटीत डाग द्यावाच लागत नाही. परत पुण्याला येताना माझ्या पिशवीत तो तडकलेला डाग होता, काकांनी कागदात गुंडाळून दिलेला. तो अजून माझ्या टेबलावर आहे.

त्यानंतर मी जाईन तिथे घरी बांधलेल्या सेटचे सप्लाय बघायला लागले.

पुण्यातल्याच एका इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याला सकाळपासून रात्रीपर्यंत पट्टाभर खरखर ऐकू यायची आणि तो अँटेनाला दोष द्यायचा. त्याने सीसीटीव्हीसाठी मिळणारा स्वस्त एसएमपीएस लावला होता. असला सप्लाय आत सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतो, आणि त्या उघडझापीच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सी पार चाळीस मीटरपर्यंत चढतात. डायल फिरवत गेलं की ठराविक अंतरावर एकेक खरखरीचा ढीग लागतो. बॅटरी जोडली तेव्हा त्याला पहिल्यांदा बेळगाव ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी त्याने फोन केला, "ताई, मी अँटेना तीनदा बदलली हो." दिवाळीत शेजारच्या गॅलऱ्यांतल्या एलईडीच्या माळाही अशीच खरखर पेरतात, तेव्हा दोष आपल्या घरात आहे की शेजारी, हेसुद्धा बॅटरीच सांगते: घरातला मेन स्विच बंद करून रेडिओ बॅटरीवर ऐकावा.

दुसऱ्या एकाचा डिजिटल व्हीएफओ दहा मिनिटांनी गप्प व्हायचा आणि चहा पिऊन आलं की पुन्हा चालू. १३.८ व्होल्टचे ५ करणारा ७८०५ हीटसिंकशिवाय उभा होता. वरचे ८.८ व्होल्ट, करंट १५० मिलिअँपियर, म्हणजे १.३ वॅट उष्णता. हीटसिंक नसेल तर दर वॅटमागे हा भाग सुमारे ६५ अंश तापतो. खोलीच्या तापमानावर त्याचे ८५ चढले. पत्र्याच्या बंद पेटीत तर आणखी. तो स्वतःला वाचवायला बंद होत होता. बोटाएवढी ॲल्युमिनियमची पट्टी लावून प्रश्न मिटला.

सगळ्यात दुःखद सेट एका मैत्रिणीचा. तिने बाजारातून २एन३०५५ घेतला, तो नकली निघाला आणि जळताना आतून शॉर्ट झाला. १३.८ च्या जागी कपॅसिटरचे १९ व्होल्ट सरळ रेडिओत गेले. ऑडिओची एलएम ३८६, जिच्या सर्वसाधारण प्रकाराची कमाल मर्यादाच १५ व्होल्ट आहे, ती फुटली. दोन वर्षांचं काम एका सेकंदात गेलं. आम्ही त्या ट्रान्झिस्टरची टोपी करवतीने कापली. आत चिप मोहरीएवढी होती. अस्सल भागात ती हरभऱ्याच्या डाळीएवढी असते. सप्लायवर क्रोबार असता तर रेडिओ वाचला असता: व्होल्ट १५ च्या वर जाताच एक झेनर एससीआरला चालू करतो, एससीआर सप्लाय शॉर्ट करतो आणि फ्यूज उडतो. पन्नास-साठ रुपयांचे भाग. घरी सप्लाय बांधणाऱ्याने क्रोबार लावल्याशिवाय तो रेडिओला जोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

कोकणातल्या एका शाळामास्तरांचा सप्लाय मात्र पूर्ण निर्दोष होता. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, मोबाइलचे मनोरे गप्प झाले, कित्येक गावांत काही आठवडे वीज आली नाही. त्यानंतर त्यांनी परीक्षा देऊन लायसन्स घेतलं. १९९३ ला किल्लारीच्या आणि २००१ ला भूजच्या भूकंपात हॅम मंडळींनी काय केलं ते त्यांनी वाचलं होतं. २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्येच रेडिओ लावून बसल्या होत्या आणि अंदमानातले निरोप त्यांनी बाहेर पोचवले, ही हकिगत ते शाळेतल्या मुलांना सांगतात. त्यांचा आवाज रोज संध्याकाळी साडेसातला घोगरा व्हायचा. त्या वेळी गावात व्होल्टेज १९५ वर येतं. वरचाच हिशोब १९५ ला केला तर तळ १४ वर जातो, डायोड चारी शाबूत असूनही. १८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावावा तर पहाटे व्होल्टेज २५० ला चढतं आणि २एन३०५५ वर २० वॅटच्या वर उष्णता येते, एरवीच्या अडीच पट. मास्तरांनी तो मार्ग सोडला. ते दिवसा बॅटरी भरतात आणि बोलतात बॅटरीवरच. मेन्स फक्त चार्जरला. मला हे इतकं पटलं की मीही माझ्या टेबलावर सप्लाय आणि बॅटरी दोन्ही शॉट्की डायोडमधून रेडिओला जोडले. सप्लाय गेला की बॅटरी आपोआप भार उचलते.

भाद्रपदात एका सकाळी मी हाक दिली. बारा-पंधरा मिनिटं बोलत होते. सांगलीचा रिपोर्ट आला: "आवाज शेवटपर्यंत स्वच्छ. फक्त मधे एकदा सिग्नल किंचित उतरला, साधारण आठव्या मिनिटाला."

मी घड्याळाकडे पाहिलं. "आठव्या मिनिटाला आमच्याकडे लाईट गेली. अजून आलेली नाही."

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "डायोड कुठला लावलात? नंबर सांगा, लिहून घेतो."